‘येथे काहीच नाही!’

रत्नागिरीस सुट्टी घालवून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारण्यात येतो तो असा, की ‘समुद्र कसा होता?’ दुसरा प्रश्न माशांविषयी असतो आणि तिसरा, ऋतू अनुकूल असल्यास, आंब्यांविषयी. या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक देता आली म्हणजे प्रवास सफल झाला, असे आपण धरून चालतो. या प्रश्नांत गैर काही नाही. समुद्र, मासे आणि आंबे या तिन्ही वस्तू आम्हांसही प्रिय आहेत. परंतु जो चौथा प्रश्न आपल्याकडे कोणीच विचारीत नाही, त्याविषयी आज आम्हांस चार कठोर शब्द लिहावयाचे आहेत. आणि ते लिहिताना आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम आम्ही स्वतःच उभे आहोत, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब रत्नागिरीस गेलो होतो. हल्ली प्रवासास निघण्यापूर्वी ‘पॉइंटां’ची यादी करण्याचा प्रघात पडला आहे, त्याप्रमाणे आमच्या मंडळींनीही ती केली होती. भूमितीतील बिंदूला स्थान असते पण लांबीरुंदी नसते, असे आम्ही शाळेत शिकलो. आमच्या यादीतील पॉइंटांचेही तसेच होते. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत मोटारीने जावयाचे, तेथे उतरावयाचे, छायाचित्रे काढावयाची आणि पुन्हा मोटारीत बसावयाचे. मधला जो प्रदेश, तो केवळ अंतर म्हणून मोजावयाचा.

पहिला दिवस तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला रत्नदुर्ग, तेथील भगवतीचे देऊळ, दीपगृह आणि सायंकाळी मांडवीचा धक्का यांत गेला. दुसरा दिवस शहरासाठी राखून ठेवला होता. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली ज्या घरात झाला ते घर, १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर, आणि ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याचा राजवाडा, ही तिन्ही स्थळे आम्ही दुपारच्या जेवणापूर्वी ‘उरकली’. थिबाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले व पुढल्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी हा वाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली येथेच, रत्नागिरीत, त्याचा अंत झाला. ज्या सरकारने दिल्लीच्या बादशहाला रंगूनला मरावयास धाडले, त्याच सरकारने रंगूनकडच्या राजाला कोकणात मरावयास आणले. तीस वर्षांचा हा बंदिवास आम्ही वीस मिनिटांत पाहिला, आणि त्यांतील पंधरा मिनिटे गच्चीच्या पार्श्वभूमीवर मंडळी नीट उभी राहण्यात गेली.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. थिबाला रत्नागिरीस ठेवणारे आणि पुढे १९२४ साली सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध करणारे सरकार असे समजत असावे, की हा एक कोपऱ्यातला, निरुपद्रवी मुलूख आहे. येथे काही नाही आणि येथे काही घडणारही नाही. स्थानबद्धतेच्या त्या तेरा वर्षांतच सर्व जातींच्या हिंदूंना मुक्तद्वार असलेले पतितपावन मंदिर येथे उभे राहिले. ‘येथे काहीच नाही’ हा निवाडा प्रथम राज्यकर्त्यांनी दिला होता आणि तो तेव्हाही खोटा ठरला होता. तोच निवाडा आज आपण सुशिक्षित मंडळी सुट्टीच्या दिवशी, हसतखेळत, देत आहोत.

तिसऱ्या दिवशी आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याने गणपतिपुळ्यास गेलो. ज्या डोंगरालाच गणेशाचे रूप मानतात त्याची प्रदक्षिणा झाली. जवळच मालगुंड आहे. तेथे १८६६ साली केशवसुतांचा जन्म झाला, आणि त्यांचे स्मारकही तेथे आहे. मराठीच्या अध्यापकाला ते टाळणे शक्य नसते, आणि आम्ही जरी इंग्रजीचे अध्यापक असलो तरी आम्हांसही ते शक्य नव्हते. परतताना मोटार निवळीच्या रस्त्याला लागली. दोहों बाजूंस सडा पसरला होता: दूरवर सपाट काळा-तांबूस कातळ, मधूनमधून पिवळे पडलेले गवत, झाड क्वचितच. आमच्या पुतण्याने मोबाइलमधून डोके वर काढून विचारले, “काका, इथे काय आहे?”

आम्ही उत्तर दिले, “काही नाही रे. नुसता कातळ आहे.”

मोटार चालविणारे गृहस्थ त्याच भागातले होते. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग अत्यंत अदबीने म्हणाले, “सर, वेळ असला तर उक्षीचा हत्ती दाखवतो. फार लांब नाही.”

हत्ती म्हणताच मुले उत्सुक झाली, म्हणून आम्ही गेलो. सड्यावर मोटार थांबली. एका चिऱ्यांच्या कठड्यापाशी त्यांनी आम्हांस नेले आणि खाली पाहावयास सांगितले. प्रथम काहीच दिसले नाही. मग उतरत्या उन्हाची तिरपी किरणे कातळावरील खाचांत शिरली आणि एका क्षणी, जणू कोणी पडदा ओढावा त्याप्रमाणे, पाठीची कमान, सोंड आणि पाय अशी पूर्ण आकृती आमच्यापुढे उघडली. पायांखालच्या आडव्या खडकात कोरलेला जवळजवळ खऱ्या हत्तीएवढा तो हत्ती होता. गवताचा भारा उतरवून एक म्हाताऱ्या बाई तेथे टेकल्या होत्या. आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “समुद्र बघून झाला वाटतं!”

त्या वाक्यात टोमणा नव्हता, कुतूहलच होते. परंतु आम्हांस तो टोमणा म्हणूनच लागला, आणि लागावयासच हवा होता. फ्रान्समधील लास्को येथील गुहाचित्रे १९४० साली काही मुलांना सापडली, ही कथा आम्ही वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. स्पेनमधील अल्तामिरा आम्हांस ठाऊक होते. पेरू देशातील नाझ्काच्या रेषाही ठाऊक होत्या. आणि आमच्या जन्मभाषेच्या मुलुखात, रेल्वेच्या स्थानकापासून थोड्याच अंतरावर, खडकात कोरलेल्या या हत्तीसमोरून जाताना आम्ही आमच्या पुतण्याला सांगितले होते, की येथे काही नाही! हे अज्ञान माहितीच्या अभावाचे खास नव्हे. माहिती वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे येतच होती. हे अज्ञान दृष्टीच्या सवयीचे आहे. ज्याला आपण एकदा रिकामे म्हटले, त्याच्याकडे आपण पुन्हा पाहात नाही.

तेव्हा या सड्यावर काय काय ‘नाही’, ते आता पाहू.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. हा खडक सच्छिद्र असतो. रत्नागिरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; त्यातील बरेचसे पाणी भेगांतून व छिद्रांतून आत मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सड्याखालच्या वाडीतील विहीर, पोफळीची बाग, पाटाचे पाणी ही सर्व पुष्कळ ठिकाणी या वरच्या ‘नुसत्या कातळा’ची देणगी असते. ज्याला आपण उजाड म्हणतो ते एका अर्थी गावाच्या पाण्याचे भांडार आहे. ते भांडार फोडल्यावर वैशाखात टँकरची वाट पाहात बसण्याची पाळी येते, आणि तेव्हा मात्र आपण ‘एवढा पाऊस पडूनही कोकणात पाणी नाही’ असे आश्चर्य व्यक्त करतो.

पावसाळ्यात हाच कातळ फुलतो. मातीचा जेमतेम बोटभर थर, उथळ डबकी, आणि त्यांत गेंदाची पांढरी बोंडे व सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे. ही सीतेची आसवे दिसावयास नाजूक असली तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कीटकभक्षक आहेत. अन्नांश कमी असलेल्या या भूमीवर जगण्याची ती त्यांची युक्ती आहे. दीपकाडी नावाची पांढऱ्या फुलांची एक कंदवनस्पती तर कोकणच्या सड्यांखेरीज अन्यत्र सहसा आढळत नाही. टिटवीला तर हा उघडा कातळच घरटे म्हणून पुरतो.

आणि या सर्वांवर ती चित्रे! कोकणच्या सड्यांवर अशा हजाराहून अधिक आकृती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव, वाडीवाडीने, गुराख्यांना व म्हाताऱ्या माणसांना विचारीत त्यांचा शोध घेतला. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या देहाच्या रेषांच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. आमच्यासारखे प्रवासी कशेळीस कनकादित्याच्या दर्शनाला जातात आणि या हत्तीला न भेटता परततात. अन्यत्र वाघ आहेत, हरणे आहेत, मनुष्याकृती आहेत, अर्थ न लागणाऱ्या चौकोनी नक्ष्या आहेत. आज कोकणात नसलेला गेंडाही अभ्यासकांनी ओळखला आहे. ज्यांना समुद्राचेच वेड आहे त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की या कातळावर मासे आहेत, कासवे आहेत, मुशी व पाकट हेही आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने आपला समुद्र उचलून सड्यावर आणून ठेवला होता. समुद्र आणि सडा ही दोन स्थळे आहेत हा भेद त्याच्या मनात नसावा. तो आम्ही केला.

या आकृतींच्या काळाविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंत निरनिराळी अनुमाने करण्यात आली आहेत. शेतीची दृश्ये त्यांत आढळत नाहीत, यावरून शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या समाजाच्या हातची ती असावीत असा तर्क केला जातो. २०२२ साली यांतील नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतील सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. उरलेल्यांपैकी एक सिंधुदुर्गातील कुडोपी, आणि एक गोव्यातील. आमच्या पॉइंटांच्या यादीत यांपैकी एकही नाव नव्हते.

कोणी म्हणेल, की एका प्राध्यापकाला एक हत्ती दिसला नाही, यात एवढा गहजब कशाला? गहजब एवढ्याचसाठी, की ‘येथे काहीच नाही’ हे वाक्य निरुपद्रवी नाही. ते प्रवाशाच्या तोंडी आळसाने येते, पण तेथेच थांबत नाही. महसूल दप्तरात त्याच वाक्याला ‘पोटखराब’ असे नाव मिळते. किती बोलका शब्द आहे पाहा! जे नांगरता येत नाही ते खराब. चिरेखाणवाल्याच्या तोंडी तेच वाक्य भांडवल होते: जांभ्याचे चिरे कापावयास याहून सोयीची जागा कोणती? मोठ्या प्रकल्पांच्या समर्थकांच्या तोंडी तेच वाक्य युक्तिवाद होते. २०२३ च्या एप्रिलात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी, विशेषतः बायामाणसे, भर उन्हात त्या सड्यावर जाऊन बसली. तो प्रकल्प हवा की नको याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ‘ही तर पडीक कातळजमीन आहे, येथे आहे तरी काय?’ हे उद्गार त्या वेळी आपल्या शहरांतील दिवाणखान्यांत आम्ही किती सहजतेने ऐकले, हे आम्हांस चांगले आठवते. ते उद्गार काढणारांपैकी कित्येकजण त्या रस्त्याने सुट्टीला जाऊन आलेले होते.

आणि याहून जवळची गोष्ट. समुद्र दिसणारा भूखंड! आमच्या ओळखीच्या किती कुटुंबांनी कोकणात असे भूखंड घेतले आहेत, याची मोजदाद आम्ही परवा सहज केली आणि दहा बोटे पुरली नाहीत. समुद्राचे दर्शन हवे म्हणजे उंचावरची जागा हवी, आणि उंचावरची सपाट जागा म्हणजे बहुधा सडा. तेथे यंत्र फिरते, कातळ समतल होतो, सुरुंगाने खड्डे घेऊन त्यांत बाहेरची माती भरतात व हापूसची कलमे लावतात, कुंपण घालतात. वर्षातून आठ दिवस मालक येतो, ओट्यावर बसून मावळता सूर्य पाहातो आणि ‘काय शांतता आहे!’ म्हणतो. त्या कुंपणाच्या आत कातळावर पूर्वी काय होते, हे ना त्याने विचारले, ना विकणाराने सांगितले. हा मालक कोणी दुष्ट धनाढ्य नाही. तो हे मासिक वाचणारा, मुलांना चांगले शिक्षण देणारा, निसर्गावर मनापासून प्रेम करणारा आपल्यातलाच एक गृहस्थ आहे. म्हणूनच आमचा राग त्याच्यावर अधिक आहे.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, ते आम्हीच मांडतो.

पहिला असा, की सुट्टी विश्रांतीसाठी असते. तेथेही अभ्यास करावयाचा काय? यावर आमचे उत्तर एवढेच, की आमच्या तीन दिवसांत विश्रांतीचा अर्धा तास जर कोणता असेल तर तो उक्षीच्या सड्यावरचा होता. बाकीचा सर्व वेळ आम्ही यादीची चाकरी करीत होतो. एका जागी उभे राहून उन्हाने रेषा उजळण्याची वाट पाहणे, हे श्रम खास नव्हेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक आठ दिवस येणार, फुले आणि चित्रे पाहून सद्गदित होणार, पण येथल्या तरुणाने रोजगारासाठी मुंबईच गाठावयाची काय? तुमच्या कातळावर त्याचे पोट भरते काय?’ हा प्रश्न विचारण्याचा कोकणी माणसाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यापुढे आम्ही नम्र आहोत. सड्यावरील प्रत्येक दगड जसाच्या तसा राहावा असे आमचे म्हणणे नाही. चिरा न कापता कोकणात घर उभे राहात नाही, हे आम्हांस समजते. परंतु कोठे खणावे व कोठे खणू नये हे ठरविण्यापूर्वी तेथे काय आहे ते आधी नीट पाहिले व नोंदले पाहिजे, एवढे मान्य करण्यास कोणाचाच रोजगार बुडत नाही. आणि दुसरे असे, की प्रवासी जो पैसा आणतो तो आज बहुतांशी किनाऱ्यालगतच्या पट्टीतच खर्च होतो. तो सड्यावरच्या वाडीपर्यंत पोहोचविणे हे तर आपल्याच हाती आहे. त्या दिवशी आमच्या मोटारचालकाने जे दाखविले ते यादीतील कोणत्याही स्थळाहून मोलाचे होते, आणि त्याचे मूल्य त्यांनी मागितले नाही. आम्ही देऊ केले तेव्हा संकोचाने घेतले. ज्ञानाला मोबदला मागण्याचा त्यांना संकोच वाटावा आणि वाळूवरील उंटाच्या फेरीला आपण न मागता पैसे द्यावेत, ही व्यवस्था उलटी करता येण्यासारखी आहे.

तिसरा आक्षेप आमच्या स्वतःच्याच मनातील आहे. आम्ही असे लिहावे, शेकडो मंडळींनी सड्यावर धाव घ्यावी, आणि त्यांच्या पावलांनी व मोटारींच्या चाकांनी जे हजारो वर्षे टिकले ते दहा वर्षांत झिजून जावे, असे झाले तर? भय अगदी खरे आहे. लास्कोची गुहा प्रेक्षकांच्या श्वासोच्छ्वासानेच बिघडू लागली, म्हणून १९६३ साली ती लोकांना बंद करावी लागली. उघड्या सड्याला तर दरवाजाही नाही. परंतु विचार केल्यावर आम्हांस असे दिसते, की या कातळाला पाहणाऱ्यापासून जेवढे भय आहे त्याहून अधिक न पाहणाऱ्यापासून आहे. पाहणारा चुकून एखाद्या रेषेवर पाय देईल; न पाहणारा सबंध सडा यंत्राखाली घालील आणि त्याला पश्चात्तापही होणार नाही, कारण आपण काय पुसले हे त्याला कळणारच नाही. उक्षीला कठडा बांधला गेला तो कोणी तरी त्या खाचांत हत्ती पाहिला म्हणूनच.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. तीन दिवसांच्या सुट्टीतील एक दिवस सड्याला द्यावा. गावातील माणूस बरोबर घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि तो सांगेल तेथेच पाय ठेवावा. आकृतीच्या आत उतरू नये, तिच्यावर पाणी ओतून वा खडूने रेषा गिरवून छायाचित्रे काढू नयेत. जमल्यास श्रावणात जावे. समुद्र तेव्हा खवळलेला असतो, आणि सडा फुललेला. आणि ज्यांना भूखंडच घ्यावयाचा आहे त्यांनी सातबारा पाहण्यापूर्वी एकदा तो कातळ स्वतः चालून, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, पाहावा. गावातील दोन म्हाताऱ्या माणसांना विचारावे, की येथे पूर्वी काही होते काय. तेथे रेषा आढळल्या तर हात जोडून परत फिरावे.

घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी आम्हांस रिवाजाप्रमाणे विचारले, ‘काय, समुद्र कसा होता?’ समुद्र उत्तमच होता. परंतु यापुढे रत्नागिरीहून कोणी आले तर आम्ही चौथा प्रश्न विचारणार आहोत, आणि वाचकांनीही तो विचारावा अशी आमची विनंती आहे: ‘सडा पाहिलात काय?’ ज्यांचे उत्तर ‘तेथे काय आहे?’ असे येईल, त्यांना आम्ही दोष देणार नाही. गेल्या दिवाळीपर्यंत आमचेही उत्तर तेच होते. फक्त त्यांनी ते उत्तर आपल्या मुलांना देऊ नये.